जामिनाचा पैसा आणि दात्याचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)



नारायणगांवच्या बाजारांत आडतीचा धंदा करणारे माझे एक जुने स्नेही आहेत. गेल्या पावसाळ्यांत ते पुण्यास आले असतां घरीं आले, आणि चहा होतांच त्यांनीं मला एक प्रश्न घातला. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांना पांच लक्ष रुपये धर्मादाय करावयाचे होते. देवळाचा सभामंडप पूर्वींच झाला होता, शाळेला खोलीही बांधून दिली होती. आतां त्यांच्या मनांत निराळेंच होतें. "वडील होते तोंवर त्यांचा सातबारा कपाटांत कमी आणि जुन्नरच्या कोर्टांत अधिक असे," ते म्हणाले. "परमुलखांतला कोणी हमाल, कोणी फडावरचा ढोलकीवाला किरकोळ गुन्ह्यांत सांपडला, कीं त्याला जामीन राहावयास आमचे वडील. आतां तसें कोणी राहत नाहीं. तेव्हां हे पैसे तुरुंगांत अडकलेल्या गरिबांसाठीं कसे घालावे तें तुम्ही सांगा. पण एक आहे. मी व्यापारी माणूस. रुपया टाकला तर त्याचें पुढें काय झालें, हें मला कळलें पाहिजे."

धर्मादाय रुपयाचें पुढें काय झालें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. दान दिलें कीं पुण्य पदरांत पडलें, आणि पावती फाइलींत गेली, अशीच बहुतेकांची समजूत असते. म्हणून या गृहस्थांना तोंडास येईल तें उत्तर देणें मला बरें वाटलें नाहीं. आजचें भाषण म्हणजे त्यांना उशिरानें दिलेलें उत्तर आहे, असें समजावें.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहूं. नारायणगांव हें मीना नदीच्या कांठचें, पुणें-नाशिक रस्त्यावरचें गांव. टोमॅटोच्या हंगामांत येथील बाजार गाड्यांनीं भरून जातो. चैत्राच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पुढारी आपापल्या यात्रेची सुपारी देण्यास येथें येतात. विठाबाई नारायणगांवकरांमुळें या गांवाचें नांव महाराष्ट्रांतील प्रत्येक रसिकाच्या तोंडीं झालें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, अशा गांवांत कोणत्याही दिवशीं पुष्कळशीं माणसें बाहेरगांवचीं असतात. क्रेट उचलणारा मजूर पलीकडच्या जिल्ह्याचा, ट्रकवरचा क्लीनर त्याहूनही दूरचा. अशा माणसावर मोबाइल चोरल्याचा किंवा मारामारीचा आळ आला, त्याला अटक झाली, आणि न्यायालयानें त्याला रीतसर जामीनही मंजूर केला, असें समजा. हुकुमांत काय लिहिलेलें असतें? पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. जामीनदार म्हणजे ज्याच्या नांवावर सातबारा आहे, किंवा ज्याला पगाराचा दाखला आणतां येतो, किंवा तहसिलीच्या कचेरींतून ऐपतीचा दाखला मिळतो असा गृहस्थ. त्या मजुराला या गांवांत ओळखतो कोण? त्याचा मुकादम तेव्हांच दुसऱ्या टोळीच्या शोधांत गेलेला असतो. घरीं कळवावें तर घरच्यांना येरवडा कोठें आहे हेंच ठाऊक नाहीं; आणि येरवडा नारायणगांवाहून पाऊणशें किलोमीटर! परिणाम असा कीं, न्यायाधीशानें ज्याला बाहेर राहण्यास योग्य ठरविलें, तो कागद नाहीं म्हणून आंत राहतो.

अशा, खटल्याचा निकाल न लागलेल्या बंद्याला आपल्याकडे कच्चा कैदी म्हणतात. २०२२ सालच्या अखेरीस हिंदुस्थानांतील तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि माणसें ५,७३,२२० होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अजून शाबीत व्हावयाचा होता! हे सर्वच जामीन मिळूनही अडकलेले नव्हते, हें येथेंच स्पष्ट केलें पाहिजे. पुष्कळांना जामीन नाकारलेला असतो, व त्याचीं कारणेंही कित्येकदां योग्य असतात. मी बोलतों आहें तें केवळ जामीन मिळूनही बाहेर न पडलेल्यांविषयीं.

ही गोष्ट न्यायालयांच्या ध्यानांत आलेली नाहीं, असें नाहीं. १९७८ सालीं मध्यप्रदेशांतील मोतीराम नांवाच्या एका गवंड्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. त्याला जामिनावर सोडण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानेंच पूर्वीं दिला होता. पण खालच्या दंडाधिकाऱ्यानें दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि गवंड्याचा भाऊ पुढें आला तेव्हां त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून त्यास नाकारलें. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितलें, आणि परक्या जिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारण्याच्या रीतीचा कडक शब्दांत निषेध केला. त्यानंतर आणखी निवाडे झाले, कायदे झाले. २०२३ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सांगितलें कीं, जामिनाचा हुकूम तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे ताबडतोब पाठवावा, सात दिवसांत माणूस सुटला नाहीं तर जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाला कळवावें, आणि महिन्याभरांत जामीनदार मिळाला नाहीं तर न्यायालयानें आपण होऊन अटी सैल कराव्यात कीं काय हें पाहावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें तर, पहिल्यानेंच गुन्ह्यांत सांपडलेल्या माणसानें त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आंत काढला असेल तर त्याला सोडावें, असें ठरविलें. फांशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे अर्थात् त्यांतून वगळले आहेत. सारांश, कायद्याच्या पुस्तकांत या गरिबाची बाजू आज बरीच भक्कम आहे. पुस्तक आणि तुरुंगाचा दरवाजा यांच्यामधली वाट मात्र कोणी चालत नाहीं.

येथें श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, "चोरांना सोडविण्यासाठीं आम्हीं पैसे कां द्यावे? ज्याची चोरी झाली त्याला कोण देतो?" हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. बाहेर आलेला माणूस फरारी झाला किंवा त्यानें पुन्हां कोणाचें नुकसान केलें, तर तें दात्याच्या हिशेबांत उणे म्हणून मांडलेंच पाहिजे. जो हिशेब तें मांडीत नाहीं तो खोटा. पण एक लक्षांत घ्यावें. या माणसाला बाहेर ठेवण्यांत धोका नाहीं, असें फिर्याद व बचाव दोन्ही ऐकून न्यायाधीशानें ठरविलेलें आहे. दाता न्यायाधीशाच्या मताविरुद्ध जात नाहीं. त्याचाच हुकूम अंमलांत आणतो. गुन्हेगारीच्या सुधारणेचीं नाना कामें आहेत, पण इतकें निर्विवाद काम त्यांत दुसरें मला दिसलें नाहीं.

आतां हिशेब. माप कोणतें घ्यावयाचें? मला वाटतें, "तुरुंगाबाहेर गेलेला एक दिवस" हें माप सर्वांत बरें. "इतक्या कैद्यांना भेटलों", "इतकीं शिबिरें घेतलीं", हीं मापें संस्थांच्या अहवालांत शोभतात. त्यांनीं कोणाच्या घरीं चूल पेटत नाहीं. पुढील आंकडे मी केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतों आहें, हें कृपा करून ध्यानांत ठेवावें. प्रत्यक्ष आंकडे कामाला लागल्यावरच कळतील.

एक मार्ग असा कीं, पांच लक्षांची एक जामीनपेटी करावी. न्यायालयाच्या परवानगीनें जामीनदाराऐवजीं रोख रक्कम भरतां येते. माणशीं पंधरा हजार धरले तर तेहेतीस माणसें सुटतील. पैसा खटला संपल्यावर परत यावयाचा असल्यामुळें खरा खर्च पंधरा हजार नव्हेच. खटला तीन वर्षें चालला आणि व्याज शेंकडा सात धरलें, तर बुडालेलें व्याज ३,१५० रुपये. विसांतील एक माणूस तारखेस न आल्यामुळें रक्कम जप्त झाली, असें धरलें तर प्रत्येकावर आणखी ७५० रुपये पडतात. एकूण ३,९००. पेटी नसती तर तो माणूस आणखी नव्वद दिवस आंत राहिला असता, असें समजूं. परंतु दर दोघांतील एकाचा मेहुणा किंवा चुलता पुढच्या आठवड्यांत कागद घेऊन येणारच होता. त्याच्या सुटकेचें श्रेय पेटीला देतां येत नाहीं. म्हणून सरासरी पंचेचाळीसच दिवस पेटीच्या नांवावर मांडावे. दिवसाला सत्त्याऐंशी रुपये पडले.

दुसरा मार्ग म्हणजे पैसे कैद्यासाठीं न भरतां एका माणसाचा पगार द्यावा. समाजकार्याचें किंवा कायद्याचें शिक्षण झालेला एक तरुण अथवा तरुणी दर आठवड्याला तुरुंगांत जाईल, जामीन होऊनही अडकलेल्यांची यादी काढील, घरच्यांना फोन करील, त्यांचे कागद गोळा करील, तहसील कचेरींत खेटे घालील, आणि कोणीच नाहीं असें दिसल्यास अट बदलून जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज विधिसेवेच्या वकिलाकडून करवील. पगार महिना पंचवीस हजार, प्रवास व कागदपत्रें पांच हजार. वर्षाचे ३,६०,००० रुपये. वर्षांत चाळीस माणसें सुटलीं, आणि वरच्याप्रमाणेंच प्रत्येकाचे पंचेचाळीस दिवस धरले, तर अठराशें दिवस वांचले. दिवसाला दोनशें रुपये.

हें गणित मीं माझ्या स्नेह्यांपुढें मांडलें तेव्हां ते लगेच म्हणाले, "मग पेटीच स्वस्त कीं!" कागदावर खरोखरच स्वस्त. पण माझें म्हणणें असें कीं, त्यांनीं पेटी करूं नये. याचें कारण पेटीच्या हिशेबांत नाहीं. तें शेजारीं पडलेल्या दुसऱ्या एका पेटींत आहे.

२०२३ सालीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांच्या मदतीसाठीं वर्षाला वीस कोटी रुपयांची योजना काढली. त्या वर्षींच्या नियमांप्रमाणें कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीं ४०,००० रुपयांपर्यंत, आणि दंड भरतां न आल्यामुळें अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठीं २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळावयाची होती. अंमली पदार्थांसारखे कांहीं गुन्हे त्यांतून वगळले होते. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाहीं तर तुरुंगानें विधिसेवा प्राधिकरणास कळवावें, प्राधिकरणानें समाजसेवकांच्या वगैरे मदतीनें दहा दिवसांत त्याच्या ऐपतीची चौकशी करावी, आणि जिल्ह्याच्या समितीनें रक्कम मंजूर करावी, अशी रीत घालून दिली होती. योजना चांगली होती. पण पुढें काय झालें? पैसा खर्चच होईना. या निधीचा उपयोग करा, म्हणून गृहमंत्रालयाला राज्य सरकारांना पुनःपुन्हां पत्रें लिहावीं लागलीं.

व्यापाऱ्याला यांतील मर्म सांगावें लागत नाहीं. वखारींत माल पडून आहे, गिऱ्हाईक दारांत नाहीं, कारण मधला रस्ता तुटलेला आहे. अशा वेळीं आणखी माल भरणारा आडत्या शहाणा नव्हे. वीस कोटींची पेटी भरलेली असतांना तिच्याशेजारीं पांच लाखांची दुसरी ठेवल्यानें किती माणसें अधिक सुटतील? जीं सुटतील तीं त्या पेटीनें नव्हे, तर पेटीपर्यंत त्यांना नेणाऱ्या माणसामुळें सुटतील. कोण्या बराकींत कोण अडकला आहे हें शोधणें, त्याची ऐपत चौकशींत सिद्ध करणें, समितीची बैठक कधीं आहे तें विचारणें, हें काम करणारें माणूस उणें आहे. म्हणून दोनशें रुपयांचा दिवस हा सत्त्याऐंशीच्या दिवसाहून खरा आहे. शिवाय त्या तरुणाच्या हातून सरकारी पेटींतलेही पैसे बाहेर येतील, आणि ज्यांना एक पैसाही न लागतां केवळ अर्जावर सुटतां आलें असतें तेही सुटतील. आणि दोनशें रुपये म्हणजे शेतावरच्या एका दिवसाच्या मजुरीहून कमी. तितक्या पैशांत एक मजूर आपल्या मजुरीवर परत जातो.

माणसें नेमण्याची ही कल्पना माझी नव्हे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें १९९० सालीं सुरू केलेला 'प्रयास' हा प्रकल्प, पोलीस ठाणीं, न्यायालयें आणि तुरुंग येथें प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसवून हेंच काम करीत आला आहे. २०२२ पासून विधिसेवेनें जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षकांचीं कार्यालयें काढलीं, त्यामुळें पगारी वकीलही मिळूं लागला. त्याला जोड हवी आहे ती पायपीट करणाऱ्याची.

यापुढें एक गोष्ट सांगतों ती अमेरिकेंतील, पण तिचें एक टोंक आपल्या सर्वोच्च न्यायालयांत आहे. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील लुई श्वाइट्झर नांवाच्या एका धनिक कारखानदाराच्या कानावर आलें कीं, ब्रुकलिनच्या तुरुंगांत पुष्कळ तरुण केवळ जामिनाचे पैसे नाहींत म्हणून महिनोन् महिने पडून आहेत. त्यालाही प्रथम वाटलें कीं, पैसे भरून त्यांना सोडवावें. पण मग त्यानें विचार केला कीं, आज भरले तर उद्यां नवे येतील. हर्बर्ट स्टुर्झ या तरुण संपादकाला बरोबर घेऊन त्यानें १९६१ मध्यें आपल्या आईच्या नांवें 'व्हेरा' ही संस्था काढली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं आरोपींना भेटावयाचें, घर कोठें, कुटुंब कोणतें, नोकरी किती दिवसांची, हें विचारून खात्री करावयाची, आणि ज्याचीं मुळें गांवांत घट्ट आहेत त्याला पैशाशिवाय सोडावें, अशी शिफारस न्यायाधीशाकडे करावयाची, एवढेंच काम. पण त्यांनीं एक फार शहाणपणाची गोष्ट केली. शिफारसीस पात्र ठरलेल्यांतील कांहींची शिफारस मुद्दाम राखून ठेविली, म्हणजे संस्थेच्या कामानें काय फरक पडतो तें उघड दिसावें. फरक असा दिसला कीं, शिफारस झालेल्यांत न्यायालयानें पैशाशिवाय सोडलेल्यांचें प्रमाण शिफारस न झालेल्यांच्या सुमारें चौपट होतें. आणि सुटलेल्यांपैकीं मुद्दाम तारीख चुकविणारे शंभरांत दोघेही नव्हते. हा पुरावा इतका निखळ होता कीं, १९६६ सालीं अमेरिकेच्या संघराज्यानें जामिनाचा कायदाच बदलला. आणि १९७९ सालीं हुसैनारा खातून या बिहारी कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांत न्यायमूर्ति भगवती यांनीं याच मॅनहॅटनच्या प्रयोगाचा दाखला देऊन, पैशाशिवायही आरोपी न्यायालयांत हजर राहतो असें दाखवून दिलें. श्वाइट्झरनें पैसे जामिनांत भरले असते तर त्यांतील एकही डॉलर पाटण्यापर्यंत आला नसता.

अर्थात् प्रत्येक नोंदवहीचें असें भाग्य उघडत नाहीं. पण नोंद ठेविली नाहीं तर उघडण्याचा संभवच नाहीं. म्हणून माझ्या स्नेह्यांच्या तरुणानें प्रत्येक माणसापुढें जामिनाच्या हुकुमाची तारीख, प्रत्यक्ष सुटकेची तारीख आणि पुढील प्रत्येक तारखेस तो हजर होता कीं नाहीं, इतकें लिहून ठेवावें. खटल्यांच्या तारखा आतां संगणकावर कोणासही पाहतां येतात, तेव्हां त्याचा पडताळा घेणें कठीण नाहीं. आणि निम्म्या बराकींत पहिल्या सहा महिन्यांत काम करावें, उरलेल्यांत नंतरच्या. म्हणजे आपोआप तुलना होईल. नारायणगांवाजवळ खोडदला तीस भल्यामोठ्या दुर्बिणी दूरच्या तारकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी मोजीत असतात. येरवड्यांतले दिवस मोजणें त्याहून पुष्कळ सोपें आहे!

मात्र माप चुकलें तर नेटकी नोंदवहीही माणसाला फसविते. याचें उदाहरण आपल्या प्रांतांत घडलें आहे. १८७१ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें संबंध जातींच्या जाती गुन्हेगार ठरविल्या, आणि पुढें त्यांना तारेच्या कुंपणांत, 'सेटलमेंटां'त ठेवलें. सोलापूरची वसाहत त्यांत विख्यात. अशा वसाहती चालविण्याचें काम अनेक ठिकाणीं मिशनरी संस्थांकडे सोंपविलें होतें. शाळा होती, कारखान्यांत काम होतें, हजेरी होती. आणि अहवालांत सारें नीट उतरत असे. पण हजेरींतला प्रत्येक दिवस हा कुंपणाच्या आंतला दिवस होता, आणि तोच सुधारणेच्या बाजूला जमा होत होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला. पारधी, कैकाडी, टकारी या समाजांतील माणसाकडे त्यानंतरही किती दिवस संशयानें पाहिलें गेलें, हें पोलीस ठाण्याच्या पायरीवर जाऊन आलेल्यास विचारावें. परोपकार आणि कैद या दोहोंची गल्लत झाली कीं, चांगलीं माणसेंही चुकीच्या रकान्यांत बेरीज करतात.

इतर कामांबद्दल थोडक्यांत. सुटलेल्यांना धंदा लावून देणें चांगलें, पण त्याचें फळ मोजण्यास वर्षें लागतात. उघडे तुरुंग वाढविणें फार चांगलें. औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून, भिंतीशिवाय कैदी राहूं शकतो हें दाखविलें. पण तें सरकारच्या हातचें काम आहे. पत्रकार शीला बर्से यांनीं मुंबईंतील स्त्री-कैद्यांना भेटून सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें, आणि १९८३ सालीं त्यावरून अटकेंतील स्त्रियांसाठीं दंडक झाले. पत्राच्या टपालखर्चाशीं या फळाची तुलना केली तर कोणतेंच दान त्याची बरोबरी करणार नाहीं. पण तसें पत्र पैसे देऊन लिहवून घेतां येत नाहीं.

आणि हाच रुपया लसीला किंवा मच्छरदाणीला दिला असता तर? हा प्रश्न टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. अमेरिकेंतील 'ओपन फिलॅन्थ्रॉपी' या मोठ्या दाननिधीनें कित्येक वर्षें फौजदारी न्यायसुधारणेस पैसा दिला. पण गरीब देशांतील आरोग्यकार्याशीं काटेकोर तुलना करूं लागल्यावर, २०२१ सालीं पांच कोटी डॉलर देऊन त्यानें तो विभाग आपल्यापासून वेगळा केला. तिकडे एका कैद्यामागें लागणारा खर्चच प्रचंड, तेव्हां तो निर्णय मला चुकीचा वाटत नाहीं. इकडे दोनशें रुपयांत दिवस सुटत असेल तर निकाल वेगळा लागण्याचा संभव आहे. पण मरणापासून वांचलेलें मूल आणि तुरुंगापासून वांचलेला महिना हे एकाच तराजूंत घालण्याचें वजन माझ्यापाशीं नाहीं. ज्याच्या वडिलांनीं आयुष्यभर सातबारा दिला, त्यानें तो प्रश्न आपल्या घरापुरता सोडविलेला आहे, इतकेंच मी म्हणेन.

माझ्या स्नेह्यांना मीं शेवटीं कळविलें तें असें. स्वतःचा नवा ट्रस्ट काढूं नका. नोंदणी, लेखापाल आणि फलक यांतच पहिलें वर्ष जाईल. हें काम आधींच करणाऱ्या संस्थेला एका माणसाचा पगार द्या, आणि नोंदवहीची अट घाला. पांच लाख या दरानें साडेसोळा महिने पुरतील, आणि तेवढ्यांत तुलना जेमतेम पुरी होईल. म्हणून बाजारांतील आणखी दोघांना बरोबर घेऊन तीन वर्षांची बेगमी करा. पहिल्या वर्षाच्या अखेरीस दिवसाचा खर्च चारशेंच्या वर गेलेला दिसला तर कारण विचारा, आणि कारण पटलें नाहीं तर पैसे थांबवा.

आठ दिवसांनीं त्यांचा फोन आला. दोघे तयार झाले होते. एकाची अट अशी कीं, नोंदवही त्याच्या दुकानाच्या खतावणीसारखी असावी, म्हणजे त्याला वाचतां येईल. त्याला माझी हरकत नव्हती. वडिलांच्या सातबाऱ्याचें आतां काय, असें मीं सहज विचारलें. "तो आहे कपाटांत," ते म्हणाले. "तुमच्या त्या पोराला कोणी जामीनदार मिळालाच नाहीं, तर त्यानें मला आदल्या दिवशीं सांगावें. सोमवार सोडून कोणत्याही वारीं मी जुन्नरला येईन."